बातमी खरी आहे भाऊ, पण बांधी विकू नका

आलेलं पत्र (थोडं आवरून आणि ओळख पटेल असे तपशील काढून):

"ताई, नमस्कार. आम्ही गोंदिया जिल्ह्यातले. तीन एकर धानाची शेती आहे. मोठी पोरगी चौदा वर्षांची, नववीत शिकते. तिला सिकलसेल आहे, एसएस. मी आणि बायको दोघंही एएस. धाकटा पोरगा आठ वर्षांचा, तोही एएस निघाला. आई म्हणते हे सुनेच्या माहेराहून आलं, त्यावरून घरात रोजची कटकट. पोरीला वर्षातून चार-पाच वेळा अटॅक येतो. हातपाय, कंबर, छाती अशी दुखते की रात्रभर ओरडते. दोनदा रक्त चढवावं लागलं.

दिवाळीपासून मोबाईलवर बातम्या येऊन राहिल्या की सिकलसेल आता कायमचा बरा होतो, जीन कापून दुरुस्त करतात, भारतातही शोध लागला. साळ्याने एका माणसाशी गाठ घालून दिली. तो म्हणतो, हीच ती नवीन टेक्नॉलॉजी, स्टेम सेलचे चार डोस, नऊ लाख लागतील, पन्नास हजार आधी भरा म्हणजे नंबर लागेल. दोन एकर बांधी विकावी म्हणतो, गिऱ्हाईक तयार आहे. बायको नाही म्हणते. सरकारी दवाखान्यातून एक कॅप्सूल मिळत होती, पण ती कॅन्सरची गोळी आहे असं औषधाच्या दुकानदाराने सांगितलं तेव्हापासून, दोन महिने झाले, बंद केली. पोरगी विचारते, बाबा, मी बारावीत जाईपर्यंत ते औषध येईल का? तिला काय सांगू?"

भाऊ,

पन्नास हजार भरू नका. भरले असतील तर त्यापुढे एक रुपया देऊ नका, आणि बांधीच्या गिऱ्हाइकाला आजच नाही म्हणून कळवा. कारणं सांगायला वेळ लागणार आहे, पण हे आधी सांगून टाकते. पत्र अर्धं वाचून ठेवून दिलं तरी एवढं तरी पोचलं पाहिजे.

आधी माझं स्वतःचं सांगते, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हीच ठरवा. मी डॉक्टर नाही. नोकरीची सगळी वर्षं रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत गेली. सिकलसेलची शंका असलेलं रक्त आलं की आम्ही ते एका पट्टीवर लावून वीज सोडायचो. हिमोग्लोबिनच्या जाती वेगवेगळ्या वेगाने पळतात, त्यामुळे पट्टीवर रेघा उमटतात. ए ची, म्हणजे नेहमीच्या हिमोग्लोबिनची, आणि एस ची, म्हणजे सिकलसेलच्या, अशा दोन ठळक रेघा दिसल्या की एएस, म्हणजे वाहक. ए ची रेघच नाही, नुसती एस ची ठसठशीत, की एसएस, म्हणजे रुग्ण. कधीकधी ए ची जागा आणि एस यांच्या मधोमध एक पुसट रेघ दिसायची. ती एफ ची. आमच्याकडे नवीन आलेली मुलं ती बघायची आणि सोडून द्यायची. आमच्या जुन्या बाई मात्र म्हणायच्या, एफ लिहा गं नीट, ज्याची एफ जाड तो पुन्हा लवकर येत नाही. तुम्ही मोबाईलवर बघितलेली कोट्यवधींच्या उपचाराची बातमी मुळात या पुसट रेघेची आहे.

हिमोग्लोबिनच्या एका साखळीत १४६ मणी असतात असं समजा. एसएस रुग्णात त्यातला सहावा मणी बदललेला असतो. बदल एवढाच. जनुकात एक अक्षर चुकतं, माळेतला एक मणी बदलतो, आणि प्राणवायू सोडून दिला की ही हिमोग्लोबिनं एकमेकांना चिकटून लांब काड्या बनवतात. मऊ, वाटोळी लाल पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. बारीक रक्तवाहिनीत अशा पेशी अडकल्या की पुढे रक्त जात नाही, आणि तुमची पोरगी रात्रभर ओरडते. शिकागोच्या एका डॉक्टरने अशा विळ्याच्या आकाराच्या पेशींचं वर्णन १९१० साली छापलं. लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. म्हणजे रोग कशाने होतो हे कळून पाऊणशे वर्षं झाली. कळणं आणि बरं करता येणं यांत एवढं अंतर पडतं, हे बातम्या वाचताना ध्यानात ठेवावं लागतं.

आता एफ. आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्याला एफ म्हणतात. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर ते बनवणं जवळजवळ थांबवतं आणि मोठ्यांचं हिमोग्लोबिन सुरू होतं. १९४८ मध्ये ब्रुकलिनच्या जॅनेट वॉटसन या डॉक्टरबाईंच्या लक्षात आलं की सिकलसेलची बाळं पहिले काही महिने ठणठणीत असतात, त्रास नंतर सुरू होतो. एफ आहे तोवर बाळ सुरक्षित. पुढे सौदी अरेबियाच्या पूर्व भागात आणि आपल्या भारतात असे रुग्ण सापडले की ज्यांच्यात मोठेपणीही एफ बऱ्यापैकी टिकून होतं आणि ज्यांचा आजार त्या मानाने सौम्य होता. आपल्याकडच्या सिकलसेलच्या जनुकीय ठेवणीला अरब-भारतीय असंच नाव आहे. सगळेच सौम्य असतात असं मात्र समजू नका. विदर्भातले जोराचे रुग्ण मी पट्टीवर आणि बाकड्यावर, दोन्हीकडे बघितलेत, आणि तुमची पोरगी सौम्यांतली नाही हे तुमच्या पत्रातून दिसतंच आहे.

मग प्रश्न उरला की एफ बंद करणारं बटण कुठे आहे. २००८ च्या सुमारास बीसीएल-११-ए नावाच्या जनुकावर बोट ठेवता आलं. ते शांत केलं की एफ परत सुरू होतं. त्यानंतर चारच वर्षांनी, २०१२ मध्ये, क्रिस्पर ही जनुक हव्या त्या जागी कापण्याची कात्री हाती आली. जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिए यांना त्यासाठी २०२० चं नोबेल मिळालं. बटण माहीत होतं, कात्री आली. रुग्णाच्याच हाडांतल्या मगजातल्या (बोन मॅरोतल्या) रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, बाहेर काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांतलं ते बटण कापायचं, आणि पेशी परत शरीरात सोडायच्या. या उपचाराचं नाव कॅसजेव्ही. ब्रिटनने १६ नोव्हेंबर २०२३ ला त्याला मंजुरी दिली, अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ ला, दोन्हीकडे बारा वर्षांवरच्यांसाठी. अमेरिकेची मंजुरी ज्या चाचणीवर मिळाली त्यात पुरेसा काळ लक्ष ठेवता आलं असे ३१ रुग्ण होते. त्यातल्या २९ जणांना सलग किमान बारा महिने एकही मोठा अटॅक आला नाही. हे लोक आधी वर्षाला निदान दोन मोठे अटॅक सोसणारे होते.

म्हणून मी वर म्हटलं, बातमी खरी आहे. तुम्ही भोळे नाही, फसलेले नाही, तुम्ही खरीच गोष्ट वाचलीत. या आजाराच्या इतिहासात एवढं मोठं काही झालेलं नव्हतं.

पण 'जीन दुरुस्त करतात' हे बातमीतलं वाक्य या उपचाराला लागू नाही. चुकलेलं अक्षर तिथेच राहतं. दुसरं बटण कापून बाळपणीचं हिमोग्लोबिन परत आणतात, एवढंच. त्यामुळे बरी झालेली व्यक्तीही पुढच्या पिढीला एस देऊ शकते. आणि व्हिडिओत ज्याला 'एक इंजेक्शन' म्हणतात ते इंजेक्शन द्यायच्या आधी काय काय होतं ते कुणी दाखवत नाही. मूळपेशी गोळा करायला दवाखान्याच्या फेऱ्या. मग त्या कापून तपासून तयार व्हायला सहा महिन्यांपर्यंत वाट. मग बुसल्फान नावाचं जबर केमोथेरपीचं औषध देऊन मगजातल्या जुन्या पेशी मारून टाकायच्या, कारण नव्यांना जागा हवी. मग चार ते सहा आठवडे दवाखान्यात, जंतूंपासून जपत. त्या केमोने पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, आणि हा प्रश्न चौदा वर्षांच्या पोरीच्या आईबापाला आधीच विचारावा लागतो. किंमत २२ लाख डॉलर, त्या वेळच्या भावाने अठरा कोटींच्या वर.

मला इथे थोडं कडू बोलावंसं वाटतं. आपल्याकडच्या आणि अरबस्तानातल्या गरीब रुग्णांच्या रक्ताने दाखवलेल्या खुणेवर हा सगळा डोलारा उभा आहे, आणि किंमत अशी की गोंदियाचा अख्खा धान विकला तरी... जाऊ द्या.

भारतातल्या शोधाची बातमीही खोटी नाही. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेत देबज्योती चक्रवर्ती, सौविक मैती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रिस्परच्या कात्रीची आपली वेगळी जात घडवली आहे. तिच्यावर उभारलेल्या सिकलसेलच्या उपचाराला बिरसा मुंडांच्या नावावरून 'बिरसा १०१' असं नाव दिलं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये, बिरसांच्या दीडशेव्या जयंतीच्या त्याच आठवड्यात, केंद्रीय विज्ञान मंत्र्यांनी ते जाहीर केलं. तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवलं आहे. तुमच्याकडे दिवाळीनंतर ज्या बातम्या फिरल्या त्यातल्या बऱ्याच यावरूनच निघाल्या असणार. बातमीत 'लाँच' असा शब्द होता आणि घोटाळा तिथेच झाला. मोबाईल लाँच झाला की दुसऱ्या दिवशी दुकानात मिळतो. औषधाचं तसं नसतं. जाहीर झालं, कंपनीकडे गेलं, म्हणजे आता ते माणसांवरच्या चाचण्यांच्या वाटेला लागलं. आधी थोड्या रुग्णांत धोका तपासतात, मग जास्त रुग्णांत उपयोग बघतात, मग मंजुरी, मग दवाखाने तयार करणं. या वाटेवर कुठेही नऊ लाखांत चार डोस विकणारा माणूस बसलेला नाही.

त्या माणसाबद्दल. तो जे विकतो आहे ते कॅसजेव्ही नाही आणि बिरसा १०१ पण नाही. 'चार डोस' हा शब्दच त्याला उघडा पाडतो, कारण खरा उपचार आयुष्यात एकदाच करतात आणि त्याआधी केमो असते. तो केमोबद्दल बोलला का? नसेल बोलला. भारतात स्टेम सेलचा धंदा फार जुना आहे. गुडघ्यापासून मतिमंदत्वापर्यंत सगळ्याला स्टेम सेल विकतात, आणि नवीन बातमी आली की पाटी बदलतात. आयसीएमआरचा, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, नियम स्वच्छ आहे. मूळपेशींचा पैसे घेऊन करायचा उपचार म्हणजे फक्त रक्ताच्या आणि काही ठरावीक आजारांसाठीचं मगज-प्रत्यारोपण. बाकी सगळं संशोधन, म्हणजे चाचणी. आणि चाचणी असेल तर ती सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदलेली असली पाहिजे, तिला आचारसमितीची परवानगी लागते, आणि त्यात भाग घेणाऱ्या रुग्णाकडून औषधाचे पैसे घेत नाहीत. चाचणीमुळे इजा झाली तर भरपाई त्यांनी द्यायची असा २०१९ चा नियम आहे. तेव्हा साळ्याला सांगा, त्या माणसाला दोनच गोष्टी विचार. सीटीआरआयचा नंबर काय, आणि चाचणी असेल तर पैसे कसले. तो दुसऱ्या प्रश्नावर चिडेल बघा.

साळ्यावर रागावू नका मात्र. भाचीचं ओरडणं त्यानेही ऐकलं असेल.

आता कॅप्सूलकडे येते, आणि इथे मी जरा रागावूनच बोलणार आहे. हायड्रॉक्सियुरिया. दुकानदार खोटं बोलला नाही, हे औषध काही रक्ताच्या कॅन्सरमध्येही देतात. पण अर्धं सांगून गप्प बसला. हे औषध एसएस रुग्णाच्या शरीरात काय करतं माहीत आहे? एफ वाढवतं. तीच पुसट रेघ. अठरा कोटींचा उपचार ज्या दारावर कुऱ्हाड चालवतो तेच दार ही कॅप्सूल रोज हळूहळू ढकलते. एवढं पूर्ण उघडत नाही, रोज घ्यावी लागते, सोडली की दार परत लागतं, हे सगळं खरं. पण १९९५ साली अमेरिकेत २९९ मोठ्या माणसांवर झालेली चाचणी मुदतीआधीच थांबवली होती, कारण कॅप्सूल घेणाऱ्यांचे अटॅक जवळजवळ निम्म्याने कमी झालेले दिसले आणि दुसऱ्या गटाला नुसती साखरेची गोळी देत राहणं बरोबर वाटलं नाही. १९९८ पासून तिला सिकलसेलसाठी तिकडे मंजुरी आहे. पुढे मुलांतही वापर रुळला. तुम्हाला ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळत होती.

अपाय नाहीत असं नाही. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली जाऊ शकतात, म्हणून ठरावीक दिवसांनी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करायचीच, ती चुकवायची नाही. पुढे कधी गरोदरपणाचा विचार असेल तेव्हा डॉक्टरांना आधी सांगायचं. कॅप्सूल फोडून, पाण्यात कालवून द्यायची नाही. आणि दोन महिने बंद होती म्हणून आज रात्री उठून जुनाच डोस सुरू करायचा नाही. आधी सीबीसी, मग डॉक्टर सांगतील तेवढा. परिणाम दिसायला काही महिने जातात, पंधरा दिवसांत अटॅक आला म्हणून औषधाला नावं ठेवू नका.

नव्याची भूल कशी असते तेही बघा. २०१९ मध्ये अमेरिकेत ऑक्सब्रायटा नावाची सिकलसेलची नवीन गोळी आली. हिमोग्लोबिनचा आकडा वाढतो एवढ्या पुराव्यावर तिला घाईची मंजुरी मिळाली. तेव्हाही बातम्या अशाच होत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये फायझर कंपनीने ती जगभरातून परत घेतली, कारण नंतरच्या माहितीत ती घेणाऱ्यांत अटॅक आणि मृत्यू जास्त दिसायला लागले. जुनी कॅप्सूल अजून तिथेच आहे.

तुमच्या पत्रात एक गोष्ट जाता जाता लिहिलेली आहे, आणि मला वाटतं ती सगळ्यात महत्त्वाची आहे. धाकटा भाऊ. मगज-प्रत्यारोपण हा सिकलसेल मुळापासून बरा करणारा उपचार आहे, आणि तो बातमीतला नाही, कित्येक वर्षांपासून होतो आहे. त्याला दाता लागतो. सख्ख्या भावाबहिणीचं एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. तुमचा मुलगा एएस आहे म्हणून तो दाता होऊ शकत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते चूक आहे, वाहक भाऊ मगज देऊ शकतो. अनेक देशांतल्या १००० रुग्णांचा हिशोब २०१७ मध्ये छापून आला होता, सगळे भावाबहिणीचा मगज घेतलेले. पाच वर्षांनी ९३ टक्क्यांच्या आसपास रुग्ण जिवंत होते, आणि ९१ टक्के जिवंतही होते आणि मगजही टिकलेला होता. वय सोळाच्या आत असेल तर निकाल जास्त चांगले. तुमची पोरगी चौदाची आहे.

त्या आकड्याची दुसरी बाजूही वाचा. शंभरातले सातजण गेले. यातही केमो आहे, यातही मूल होण्याचा प्रश्न आहे, आणि परक्या पेशी शरीराशी भांडतात असा एक वेगळा त्रास आहे. खर्च काही लाखांत जातो, सरकारी योजना आणि ट्रस्ट मिळून त्यातला किती उचलतील हे रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांकडे बसूनच कळतं. तेव्हा मी 'करा' म्हणत नाही. मी म्हणते, एचएलए तपासा. रक्ताची किंवा गालाच्या आतल्या लाळेची तपासणी आहे, धाकट्याला फार दुखत नाही. जुळलं नाही तर तो विचारच संपला. जुळलं तर रक्तविकारतज्ज्ञासमोर बायकोला घेऊन बसा, तुम्ही एकटे जाऊ नका. आणि कधी काळी जमीन विकायचा विषय निघायचाच असेल तर तो त्या टेबलावर निघू द्या.

आईंचं. एसएस मूल व्हायला एक एस आईकडून आणि एक एस बापाकडून यावा लागतो. अर्धा तुमच्या घराण्यातून आला आहे, भाऊ. आईंना हे तुम्ही सांगायचं, सुनेने नाही. विदर्भात गोंड, माडिया, बौद्ध, कुणबी, तेली अशा कितीतरी समाजांत हा एस आहे. मलेरियाच्या मुलखात एएस माणूस मलेरियाने मरण्यापासून वाचत होता, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. तुमच्या आजेपणज्यांपैकी कुणी त्या एका एसमुळेच जगलं असेल. घरात पुतणे-भाचे लग्नाला आले असतील त्यांची तपासणी करून घ्या. १ जुलै २०२३ पासून केंद्राचं सिकलसेलचं अभियान सुरू आहे, चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं त्याचं उद्दिष्ट आहे, तेव्हा आरोग्य केंद्रात ही तपासणी मिळायला अडचण नको.

आता तुमच्या घरापुरतं. रोवणीच्या दिवसांत पोरीला बांधीत उतरवू नका. अंगावर पाऊस, पायात गार पाणी, उपाशीपोटी दिवसभर वाकून काम, पाणी प्यायला बांधावर यायचा कंटाळा. अटॅक आणायचाच असेल तर याहून चांगली तयारी नाही. बारकी रोपं नेऊन द्यायला म्हणूनही नको. शाळेत बाटली सोबत, आणि वर्गशिक्षकांना सांगून ठेवा की ती पाणी प्यायला आणि लघवीला उठली तर अडवायचं नाही. ताप आला तर घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. एसएस मुलांची पानथरी लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे काही जंतू रक्तात फार लवकर पसरतात. ताप म्हणजे त्याच रात्री दवाखाना. छातीत दुखून श्वास लागला तरी तेच. न्यूमोकोकसची लस झाली आहे का ते फाईलमध्ये बघा. दिव्यांग कायदा २०१६ चा, त्यात सिकलसेलचं नाव स्पष्ट आहे. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र काढा, दहावीच्या परीक्षेआधी काढा, कागद फिरायला वेळ लागतो.

आणि तिचा प्रश्न. बारावीत जाईपर्यंत ते औषध येईल का?

तिला 'हो' म्हणू नका आणि 'नाही' पण म्हणू नका, हिशोब सांगा. नववीतली मुलगी आहे, कळतं तिला. कात्री सापडली २०१२ मध्ये, औषध मंजूर झालं २०२३ मध्ये, मध्ये अकरा वर्षं गेली, आणि ती फार लवकर गेली असंच सगळे म्हणतात. आपल्याकडचं औषध आता चाचण्यांच्या दाराशी आहे. बारावीला तीन वर्षं आहेत. तेवढ्यात ते गोंदियाच्या दवाखान्यात येईल असं मी पैज लावून सांगणार नाही. ती पंचवीसची होईपर्यंत चित्र वेगळं असेल असं मात्र मला वाटतं. मला असं वाटायला एक कारण आहे. कॅन्सरवरचा कार-टी नावाचा उपचार असाच परदेशात कोटींच्या घरात होता. मुंबई आयआयटी आणि टाटा रुग्णालय यांच्या कामातून त्याची भारतीय जात तयार झाली, तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, आणि किंमत परदेशाच्या साधारण दहाव्या हिश्शावर आली. दहावा हिस्सा म्हणजेही लाखांतच, पण अठरा कोटी या आकड्यापुढे माणूस हात टेकतो, लाखांपुढे निदान अर्ज तरी करतो.

तोवर तिला एक काम द्या. तिच्या फाईलमध्ये एचपीएलसीचा कागद असेल, आमच्या जुन्या पट्टीच्या जागी आता हे यंत्र आलं आहे. त्यावर ए-२, एस, एफ असे आकडे असतात. एफ पुढचा आकडा तिला वहीच्या पहिल्या पानावर तारखेसकट लिहायला सांगा. सोमवारी सीबीसी करा, डॉक्टरांना भेटून कॅप्सूल परत सुरू करा, आणि ते म्हणतील तेव्हा, साधारण सहा महिन्यांनी, एचपीएलसी पुन्हा करून नवीन आकडा त्याच्याखाली लिहू द्या. मग मला दोन्ही आकडे कळवा. पत्र तिनेच लिहिलं तरी चालेल.